तीन सुतांची जागा

मे महिन्यात हा खण दोन बोटांनी उघडतो. भाद्रपदात दोन माणसांनी ओढूनही उघडला नव्हता. गेल्या वर्षभरात खात्रीनं सांगता येईल असं एवढंच घडलं.

यंदाचा मे आला आहे. परभणीत सकाळी आठलाच नळाचं पाणी कोमट येतं. दहानंतर गल्लीत फक्त कूलरचे आवाज असतात. अक्काच्या घरासमोर, पत्र्याच्या सावलीत एक जुनी पिकअप उभी आहे. ती आधी झरीहून मोंढ्यात भाजी आणायची. तिला विकत घेऊन, धुऊन, रंगवून वर्ष झालं, तरी ऊन चढलं की मागच्या हौद्यातून अजून कोथिंबिरीचा वास येतो. हौद्यात लाकडाची एक चौकट आहे, चौकटीत शेजारी शेजारी दोन लांब खण आहेत, आणि खणांवर फळ्यांचा पलंग. मागचा फाळका खाली पाडला की दोन्ही खणांची तोंडं दिसतात. डावा दाजींचा, उजवा अक्काचा.

इथल्या नोकरदार घरांत मे महिना उन्हाइतकाच बदल्यांचाही असतो. आता याद्या फोनवर येतात. मी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात उपसंपादक होतो तेव्हा त्या टेबलावर यायच्या, आणि त्या दिवशी कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग लागायचा. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका. कुणी आत यायचं नाही. दारातूनच विचारायचे, आमचं काय झालं. काय झालं ते एका ओळीत असायचं: नाव, आताचं ठिकाण, नवं ठिकाण, शेरा. माणसाची पुढची पाच-सात वर्षं त्या चार रकान्यांत मावायची, आणि कामाची सवय झाली की ती मावतात याचं नवल वाटेनासं व्हायचं.

अक्का माझी थोरली बहीण. झरीच्या उपकेंद्रात परिचारिका होती. दाजी, म्हणजे तिचे यजमान, चुडाव्याकडच्या शाळेत गणित शिकवायचे. बाळंतपणं वेळ सांगून येत नाहीत, त्यामुळे अक्काला झरीतच राहणं भाग होतं. दाजींनी चुडाव्यात स्टेशनाजवळ खोली घेतली होती. लेक झरीत वाढली, आता पुण्यात असते. परभणीतल्या प्लॉटवर दोघांनी घर बांधलं, ते शनिवार-रविवारचं. शनिवारी दुपारी दाजी पॅसेंजरनं यायचे, अक्का काळी-पिवळी जीपनं. सोमवारी पहाटे दोघं दोन दिशांना. दर मे महिन्यात पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज असायचा. असं सव्वीस वर्षं चाललं.

निवृत्त होऊन दोघं एका छताखाली आली तेव्हा घरात सगळंच दोन दोन झालं. दोन शेगड्या, दोन पोळपाट, दोन भिंतीवरची घड्याळं. घड्याळांत पाच मिनिटांचा फरक होता. अक्का आपल्या घड्याळावर स्वयंपाक करायची आणि दाजी आपल्या घड्याळावर जेवायला बसायचे. भांडण नव्हतं. पाच मिनिटं ताट रिकामं असायचं, एवढंच.

पिकअपची कल्पना दाजींची. फोनवर त्यांनी परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते. मागच्या हौद्यात खण करायचे, खणात संसार ठेवायचा, वर झोपायचं आणि हिंडायचं. पावसाळ्यातला वर्षावास संपला, आश्विनी पौर्णिमा झाली की निघायचं; सांची, सारनाथ, बोधगया. वाटेत विहारात नाहीतर पेट्रोल पंपावर मुक्काम. अक्कानं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाय पसरायला जागा हाय का. दाजींनी टेप काढून दाखवली. सहा फूट दोन इंच.

लाकूड आंब्याचं होतं. चुडाव्याच्या घरमालकाच्या आवारातलं झाड वादळात पडलं, त्याच्या फळ्या दाजींनी कापून आणल्या होत्या. त्या झाडाखाली त्यांनी बावीस उन्हाळे खाट टाकली होती. घडवायला रशीद मिस्त्री आले. वय सत्तरीकडे झुकलेलं, कानामागे पेन्सिल, बोलणं हळू. हाती घेतलेली फळी ते आधी नखानं वाजवायचे आणि नाकाशी न्यायचे. टेप सगळ्यात शेवटी.

खणाला लोखंडी सरकपट्ट्या लावायच्या नाहीत, असं दोघांचं एकमत होतं. आमच्याकडच्या रस्त्यांची धूळ त्यांच्या गोळ्यांत बसते आणि महिन्यात खण दळण दळायला लागतो. लाकडावर लाकूड, मध्ये मेणबत्तीचं मेण. मतभेद झाला तो फटीवरून. खणाच्या बाजू चौदा इंच उंच. त्यांच्या वर किती जागा सोडायची? दाजी म्हणाले, एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पोस्टकार्डांची लहानशी चळत सरकेल एवढं. मिस्त्री म्हणाले, तीन.

"तीन सुतांत खण वाजंल," दाजी म्हणाले. "बोधगयेपर्यंत खडखड ऐकत जायचं का?"

"गुरुजी, उन्हाळ्यात लाकूड मापू नये," मिस्त्री म्हणाले. "आता त्याचा रोजा चालू हाय. पोट खपाटीला गेलेलं. पावसाळ्यात सोडंल ना, मंग बघा."

दाजी हसले, पण एक सुतावरून हलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या वह्यांत उत्तराखाली दोन रेघा मारायला लावल्या होत्या. मिस्त्रींनी खांदे उडवले. माप कागदाला असतं, लाकडाला अंदाज असतो, असं काहीसं म्हणाले आणि रंध्याला धार लावायला बसले.

तो महिना आठवतो तो वासांनी. आंब्याच्या भुशाला किंचित आंबूस वास येतो, ओल्या कणकेसारखा. त्यात तापलेल्या पत्र्याचा, मेणाचा, मिस्त्रींच्या विडीचा. अक्का तासातासाला तांब्या आणून ठेवायची, कुणाला दिला असं होऊ नये म्हणून मधोमध. बारा वाजता काम थांबायचं, चारला सुरू व्हायचं. मधल्या वेळात मिस्त्री लिंबाखाली तोंडावर रुमाल टाकून झोपायचे आणि दाजी कागदावर आकडे पुन्हा तपासायचे. आकडे दर वेळी बरोबर यायचे.

खण बसवले तो दिवस. दाजींनी उजवा खण चौकटीत लावला आणि तळव्यानं ढकलला. तो इतका बेतानं बसला होता, की आतली हवा एक सुस्कारा टाकून बाहेर आली. दाजींनी तो चार वेळा आत-बाहेर केला, चारही वेळा तो आवाज झाला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं समाधानी पाहिलं नव्हतं. अक्का फाळक्याशी उभी होती. तिनं हात पुसून एकदा खण ओढून पाहिला आणि म्हणाली, घट्ट हाय. ती तक्रार होती की शाबासकी, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये तिनं झरीची खोली सोडली. निवृत्तीनंतरही ती तिनं ठेवली होती. सामान आहे, आज आणते उद्या आणते, असं वर्षभर चाललं होतं. शेवटी आणलं ते सगळं त्या खणात मावलं. रॉकेलचा छोटा स्टोव्ह, चार सुती साड्या, पांढरं स्वेटर, गरम पाण्याची पिशवी, आणि चामडी पेटीतलं रक्तदाब मोजायचं यंत्र. यंत्र तिचं स्वतःचं होतं. खण भरून तिनं लोटला. आतून सुस्कारा आला. त्या दिवसापासून तिच्या मालकीचं सगळं दाजींच्या मापात होतं. हे वाक्य मला आज सुचतं आहे. तेव्हा मी फक्त फाळका लावायला मदत केली.

पाऊस झाला. चांगला झाला. श्रावणात खण जड चालू लागले, दाजींनी आणखी मेण लावलं. नंतर कुणी ते उघडले नाहीत, कारण उघडायचं कारण नव्हतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी झरीहून फोन आला. एका म्हातारीचा. तिची सून आठ महिन्यांची गरोदर, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. नवीन नर्सबाई सुटीवर होत्या. म्हातारीचं म्हणणं, गाडी सांगितली आहे, पण गाडी येईतो तुमी या, तुमी हात लावला की पोरीला धीर येतो. अक्का चप्पल घालूनच बोलत होती. बस पंधरा मिनिटांत होती. यंत्र घ्यायला तिनं फाळका पाडला आणि खणाची मूठ ओढली.

खण हलला नाही. दाजी आले, मी शेजारच्या गल्लीतून आलो. दोघांनी मुठीला दोर बांधून, पाय फाळक्याला टेकवून ओढलं. मूठ स्क्रूसकट हातात आली. दाजी पटाशी आणायला आत गेले. फट शोधायला गेले तर फट उरली नव्हती. चौकट आणि खण एकाच लाकडाचे दिसत होते. दाजींनी पटाशी टेकवली, पण हातोडा मारला नाही. त्यांचं लक्ष लाकडाकडे होतं. अक्काचं दारातून दिसणाऱ्या घड्याळाकडे, स्वतःच्या.

"सगळं तुमच्याच मापानं व्हायलंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग ती रिकाम्या हातांनी बस धरायला गेली.

झरीची ती सून वाचली, मूलही वाचलं. गाडी वेळेत पोहोचली होती. यंत्रावाचून काही अडलं नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर जे झालं त्याचं कारण ते नव्हतं. अक्का त्या रात्री परतली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कळवलं, की जुनी खोली अजून रिकामीच आहे आणि ती काही दिवस तिथं राहते आहे. काही दिवसांचा महिना झाला. आश्विनी पौर्णिमेला ती विहारात आली, दाजींच्या शेजारी बसली, खीर वाढली आणि संध्याकाळच्या बसनं झरीला गेली. निघायचं कुणी बोललं नाही. सांची, सारनाथ, बोधगया जिथं होतं तिथंच राहिलं.

घरात दाजी आणि दोन घड्याळं. एकदा गेलो तेव्हा ते आपल्या घड्याळाखाली ताट घेऊन बसले होते आणि पाच मिनिटं थांबून मग जेवले.

मार्गशीर्षात हवा कोरडी झाली आणि एका दुपारी उजवा खण आपोआप सैल झाला. दाजींनी सांगितलं, नुसता हात लावला तर आला पुढं. त्यांनी यंत्राची पेटी काढली, पुसली आणि मला दिली. तू देऊन ये.

झरीत अक्काची खोली रस्त्याला लागूनच आहे. दारात तीन बाया बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर मूल होतं. मी आत जाईपर्यंत तिघींनी मला विचारलं, नर्सबाईचे भाऊ का. खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. अक्कानं पेटी उघडून यंत्र पाहिलं, पट्टा हातावर गुंडाळून पाहिला. उघडला का, तिनं विचारलं. आपोआप उघडला, मी म्हणालो. तिनं पट्टा सोडून पेटीत ठेवला. रस्त्यावर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, बोरीच्या काट्यांना कापूस लागला होता.

"त्यांना म्हणावं, मी रागावले न्हाई," ती म्हणाली. "मला लय दमायला झालंय, एवढंच."

निरोप मी तसाच्या तसा दिला. शब्द न बदलता निरोप देणं ही आमच्या धंद्याची सवय. तिचा उपयोग होतो असं नाही.

आता मे. गेल्या आठवड्यात दाजींचा फोन आला. गेलो तर दोन्ही खण बाहेर काढून लिंबाखाली उताणे मांडले होते आणि रशीद मिस्त्री रंधा घेऊन बसले होते. खणांच्या बाजूंवर, वरच्या कडेपासून दोन सूत खाली, पेन्सिलीची रेघ होती. फट एक सूत होती, आणखी दोन काढायचे. मी म्हणालो, दाजी, आता तर खण चालतोय. दाजी म्हणाले, म्हणूनच आत्ता. अडकल्यावर रंधा चालत न्हाई. मिस्त्री मान वर न करता म्हणाले, गुरुजी एका सालात पास झाले, आमच्या धंद्यात पोरांना दहा साल लागते.

भुसा पडत होता. तोच आंबूस वास. फोनवर त्या सकाळी बदल्यांची यादी आली होती, आणि तिच्यावरून मी सवयीनं काहीतरी बोललो. दाजी खणाची कड बोटानं तपासत होते.

"लेक चौथीत होती, त्या वर्षी तुझ्या अक्काचं नाव होतं यादीत," ते म्हणाले. "चुडाव्याजवळच. आठ दिवसांनी दुरुस्तीच्या यादीत रद्द. तिनंच करून घेतलं."

मला ती यादी आठवत होती. मीच पानात लावली होती. दुरुस्तीच्या यादीत तिच्या नावापुढे शेरा होता: विनंतीवरून रद्द. विनंती तिची स्वतःची होती. पेपरात आम्ही शेऱ्याचा रकाना छापला नाही. जागेअभावी, असं मी वरिष्ठांना सांगितलं. जागा होती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"शेऱ्यासकट यादी कचेरीच्या फलकावर लागलेली असती, बाबा. मी जाऊन वाचून आलो होतो." त्यांनी कडेवरचा भुसा झटकला. "झरीत ती नर्सबाई होती. चुडाव्यात गुरुजीची बायको झाली असती. मला कळत होतं. तरीबी दर साली अर्ज करीत गेलो." मग त्यांनी खण उलटा केला आणि दुसरी कड मिस्त्रींपुढे सरकवली. "एक सूत. मीबी काय माणूस हाय."

मिस्त्री रंधा मारत राहिले. पातळ, लांब साली निघत होत्या. त्यातली एक वाऱ्यानं उडून अंगणभर फिरली. बारा वाजले म्हणून काम थांबलं.

शनिवारी अक्का आली. जुन्या सवयीनं शनिवारीच, दुपारी, घामानं भिजलेली, हातात तीच चामडी पेटी. दाजींनी फोनवर खण दुरुस्त केले एवढंच सांगितलं होतं. तिनं आधी पाणी घेतलं, मग पिकअपकडे गेली. खणाच्या वर आता काळी फट दिसत होती. तिनं तीत करंगळी घातली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. करंगळी कुठं अडली नाही.

"झरीची खोली मी सोडणार न्हाई," ती म्हणाली.

"नको सोडू," दाजी म्हणाले.

तिनं पेटी खणात ठेवली आणि खण लोटला. सुस्कारा आला नाही. लाकूड लाकडावर आपटल्याचा साधा आवाज आला.

रविवारी सकाळी चाचणी म्हणून देवगाव फाट्यापर्यंत जायचं ठरलं. पुढचं पुढं. केबिनमध्ये तिघं, दाजी चालवत, अक्का मध्ये, मी दाराशी. गाव संपून खड्डे लागले तसे खण वाजू लागले. थांबून थांबून, घरातलं कुणी भांडी लावतं तसं. सेलूच्या अलीकडे दाजींनी गाडी कडेला घेतली, कालचा पेपर उचलला आणि त्याच्या घड्या घालू लागले. अक्कानं विचारलं, कशाला. फटीत घालतो, ते म्हणाले, आवाज तरी थांबंल.

"राहू द्या," अक्का म्हणाली. "वाजू द्या."

दाजींनी पेपर परत ठेवला आणि गिअर टाकला.

देवगाव फाट्यावर पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि ऊन पाठीला लागत होतं. तिथून एक रस्ता जालन्याकडे जातो. ट्रक त्या रस्त्यानं येत होते, जात होते. वीस पावलांवर हॉटेल होतं, तरी अक्कानं फाळका पाडला, खण ओढला, स्टोव्ह काढला आणि लिंबाच्या सावलीत चहा ठेवला. साखर तिच्या खणात होती, चहापत्ती दाजींच्या. दोन्ही खण उघडावे लागले. चहा पिताना तिनं जालन्याच्या रस्त्याकडे बोट करून विचारलं, सांचीला हिकडूनच का. दाजी म्हणाले, हिकडूनच. मग तिनं कप विसळले, स्टोव्ह गार होऊ दिला, आणि आम्ही परभणीकडे वळलो.

तिचा खण दोन बोटांनी उघडला होता, हे मी पाहिलं. पण हा मे महिना आहे. मे महिन्यात तो गेल्या वर्षीही उघडत होता. खरं काय ते भाद्रपदात कळेल.